आयर्लंडच्या जमीनदाऱ्या आणि पुअर लॉ युनियन : जुन्या दफ्तरांतून कुळांचा माग कसा काढावा

आयर्लंडमधील एकोणिसाव्या शतकातील सामान्य माणसाचा शोध घेणाऱ्याला सुरुवातीलाच एका मोठ्या पोकळीला सामोरे जावे लागते. ३० जून १९२२ रोजी, यादवी युद्धाच्या पहिल्याच दिवसांत, डब्लिनच्या फोर कोर्ट्स इमारतीतील सार्वजनिक अभिलेख कार्यालय स्फोटात आणि आगीत नष्ट झाले. १८२१ ते १८५१ या काळातील चार जनगणनांची मूळ पत्रके थोडे तुकडे सोडता त्यात गेली. १८६१ आणि १८७१ ची पत्रके सरकारनेच आधी नष्ट केली होती आणि १८८१ व १८९१ ची पहिल्या महायुद्धाच्या काळात लगद्यासाठी दिली गेली होती. त्यामुळे संपूर्ण देशाची सर्वांत जुनी सलग उपलब्ध जनगणना १९०१ ची आहे. म्हणजे ज्या दुष्काळाने, १८४५ ते १८५२ या काळात, सुमारे दहा लाख माणसांचा बळी घेतला आणि तितक्याच माणसांना देशाबाहेर लोटले, त्या दुष्काळात सापडलेल्या घराची नावनिशी जनगणनेत जवळपास मिळतच नाही.

ही पोकळी काही अंशी भरून काढणारे दोन मोठे साठे आहेत. पहिला साठा जमीनदारांच्या खासगी दफ्तरांचा आणि दुसरा पुअर लॉ युनियनच्या, म्हणजे गरीब-साहाय्याच्या स्थानिक यंत्रणेच्या दफ्तरांचा. दोन्ही वाचले त्याचे मुख्य कारण हेच की ते फोर कोर्ट्समध्ये नव्हते: जमीनदारांचे कागद त्यांच्या वाड्यांत आणि वकिलांच्या कचेऱ्यांत होते, तर युनियनच्या वह्या गावोगावच्या वर्कहाउसमध्ये, म्हणजे निराधारांना ठेवून घेणाऱ्या आश्रयगृहांत होत्या. या दोन्ही दफ्तरांत गरीब माणूस दुसऱ्याच्या हिशेबातील एक ओळ म्हणून येतो. जमीनदाराच्या वहीत तो खंड देणारा किंवा थकवणारा असतो आणि युनियनच्या वहीत तो करातून पोसला जाणारा असतो. म्हणून माझे सांगणे असे की, नावाच्या मागे धावण्याऐवजी जागेच्या आणि पैशाच्या मागे जावे, आणि दोन्ही दफ्तरे शेजारी ठेवून वाचावीत.

आधी यंत्रणा समजून घ्यावी

१८३८ च्या कायद्याने आयर्लंडची विभागणी १३० युनियनमध्ये झाली. प्रत्येक युनियनच्या मध्यवर्ती गावी एक वर्कहाउस बांधले गेले. बहुतेकांचे आराखडे जॉर्ज विल्किन्सन या एकाच वास्तुविशारदाचे असल्यामुळे आजही त्या इमारती दुरून ओळखू येतात. दुष्काळाच्या अखेरीस आणखी ३३ युनियन निर्माण होऊन एकूण संख्या १६३ झाली. प्रत्येक युनियनचा कारभार गार्डियन मंडळ पाहत असे. त्यात करदात्यांनी निवडून दिलेले सदस्य असत, आणि पदसिद्ध सदस्य म्हणून न्यायदंडाधिकारी असत, जे बहुतेक वेळा स्वतःच जमीनदार असत.

खर्च भागवण्यासाठी जमिनीच्या मूल्यांकनावर कर बसवला जाई आणि तो इलेक्टोरल डिव्हिजन या लहान विभागानुसार ठरे. ज्या विभागातील जास्त माणसे वर्कहाउसमध्ये, त्या विभागावर जास्त बोजा. १८४३ पासून चार पौंड किंवा त्याहून कमी मूल्यांकनाच्या जमिनीचा संपूर्ण कर जमीनदारावर टाकण्यात आला. त्यामुळे लहान कूळ असणे हेच जमीनदाराच्या दृष्टीने तोट्याचे ठरले. १८४७ च्या कायद्यातील ग्रेगरी कलमाने पाव एकरापेक्षा जास्त जमीन धरून असलेल्या माणसाला सार्वजनिक मदत नाकारली. मदत हवी तर जमीन सोडा, असा त्याचा अर्थ होता. ही दोन कलमे लक्षात ठेवली नाहीत, तर १८४७ नंतरच्या खंडाच्या वह्यांमधून कुळे अचानक का नाहीशी होतात आणि त्याच सुमारास वर्कहाउसच्या नोंदवह्या का फुगतात, याचा उलगडा होत नाही.

पहिली पायरी : टाउनलँड निश्चित करणे

आयर्लंडमध्ये टाउनलँड हा जमिनीचा सर्वांत लहान अधिकृत घटक आहे आणि देशात असे साठ हजारांहून अधिक टाउनलँड आहेत. आपल्याकडे केवळ आडनाव आणि काउंटीचे नाव असेल, तर पुढे जाणे जवळपास व्यर्थ असते. एकाच काउंटीत एकाच नावाची डझनावारी माणसे सापडतात आणि त्यांतील आपले कोणते हे ठरवायला आधार उरत नाही. म्हणून चर्चच्या नोंदी, नागरी जन्म-मृत्यू नोंदी, परदेशातील थडग्यावरचा मजकूर, जुनी पत्रे, यांतून टाउनलँडचे नाव मिळवण्यावर सुरुवातीचा सगळा वेळ खर्च करणे योग्य ठरते. कॅथलिक पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या कार्यक्षेत्राच्या, जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रे आयर्लंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने ऑनलाइन विनामूल्य ठेवली आहेत, आणि जुन्या नागरी नोंदीही सरकारी संकेतस्थळावर विनामूल्य पाहता येतात.

नाव मिळाले की त्याचे आजचे आणि जुने स्पेलिंग लोगएन्म या अधिकृत स्थलनाम कोशात तपासावे. त्यानंतर १८५१ च्या जनगणनेवर आधारलेली टाउनलँडची वर्णानुक्रमे सूची पाहावी. या एका सूचीत प्रत्येक टाउनलँडपुढे काउंटी, बॅरनी (काउंटीचा पोटविभाग), सिव्हिल पॅरिश (अनेक टाउनलँड मिळून होणारा प्रशासकीय घटक) आणि पुअर लॉ युनियन अशी सर्व नावे एका ओळीत दिलेली आहेत. ही ओळ वहीच्या पहिल्या पानावर उतरवून ठेवावी, कारण पुढचा प्रत्येक दफ्तरखाना यांपैकी वेगळ्याच घटकानुसार आपले कागद लावतो.

येथे दोन गोष्टींची काळजी घ्यावी लागते. युनियनच्या सीमा काउंटीच्या सीमा पाळत नाहीत. बॅलिनस्लो युनियन गॉलवे आणि रॉसकॉमन अशा दोन काउंट्यांत पसरलेली होती. शिवाय, १८५१ च्या सूचीत दिलेली युनियन दुष्काळाच्या ऐन भरात अस्तित्वात असेलच असे नाही. स्ट्रोक्सटाउन युनियन ही उशिरा निर्माण झालेल्या ३३ पैकी आहे. १८४७ मध्ये तेथील माणसे रॉसकॉमनच्या वर्कहाउसच्या दाराशी जात होती आणि त्यांच्या खुणा तेथील वह्यांतच शोधाव्या लागतात.

१८६४ पासून सर्व धर्मीयांची जन्म, मृत्यू आणि विवाहांची नागरी नोंद सुरू झाली, तेव्हा नोंदणीचे जिल्हे म्हणून याच युनियन वापरल्या गेल्या. त्यामुळे जन्मदाखल्यावर छापलेले जिल्ह्याचे नाव हे युनियनचे नाव असते. गाव अजिबात माहीत नसेल, तेव्हा हा धागा फार मोलाचा ठरतो.

दुसरी पायरी : जमीनदार कोण होता

यासाठी ग्रिफिथ मूल्यांकन हे मुख्य साधन आहे. रिचर्ड ग्रिफिथ यांच्या देखरेखीखाली झालेले हे काम १८४७ ते १८६४ या काळात काउंटीगणिक छापून प्रसिद्ध झाले आणि आज ते नकाशांसह विनामूल्य पाहता येते. त्यात प्रत्येक टाउनलँडमधील जमीन कसणारा, त्याला जमीन देणारा, जमिनीचे क्षेत्र आणि मूल्यांकन दिलेले आहे. कर ठरवण्यासाठी केलेली ही यादी आहे. मालकी हक्काचा पुरावा म्हणून ती वाचू नये.

जमीन देणाऱ्याच्या रकान्यातील नाव हेच जमीनदाराचे नाव, असे समजण्याचा मोह टाळावा. ज्याच्याकडून कुळाने थेट जमीन घेतली, तेवढेच नाव तेथे असते. तो स्वतः दुसऱ्या मोठ्या जमीनदाराचा पट्टेदार, म्हणजे मधला माणूस असू शकतो. म्हणून एकाच ओळीवर न थांबता आसपासच्या टाउनलँडची पाने वाचावीत. तीच दोन-तीन नावे परत परत दिसू लागली आणि त्यांत एखादा सरदार किंवा मोठे घराणे असेल, तर इस्टेट सापडली असे समजायला हरकत नाही. कॉनॉट आणि मुन्स्टर या प्रांतांसाठी गॉलवे विद्यापीठाचा जमीनदारी इस्टेटींचा माहितीकोश आहे; त्यात घराणे, वाडा आणि उपलब्ध कागदपत्रांचे ठिकाण एकत्र मिळते.

ग्रिफिथ मूल्यांकन झाल्यावरही मूल्यांकन खात्याने सुधारणा-वह्या ठेवल्या. कूळ बदलले की जुने नाव खोडून नवे लिहिले जाई आणि बदलाचे वर्ष शेजारी नोंदवले जाई. गावातील फेरफार नोंदी पाहण्याची सवय असलेल्या मराठी वाचकाला ही पद्धत लगेच उमगेल. उत्तर आयर्लंडच्या सहा काउंट्यांसाठीच्या या वह्या बेलफास्टच्या सार्वजनिक अभिलेख कार्यालयाने, म्हणजे प्रोनीने, ऑनलाइन ठेवल्या आहेत.

तिसरी पायरी : इस्टेटीचे दफ्तर कोठे आहे

जमीनदारांचे कागद खासगी मालमत्ता असल्याने ते विखुरले गेले. सर्वांत मोठा साठा डब्लिनच्या किल्डेअर स्ट्रीटवरील राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. त्या खालोखाल प्रोनी आणि बिशप स्ट्रीटवरील राष्ट्रीय अभिलेखागार यांचा क्रम लावता येईल. पुष्कळ जमीनदार इंग्लंडमध्येच राहत असल्यामुळे काही दफ्तरे आजही इंग्लंडमध्ये आहेत. शोध घेताना घराण्याच्या आडनावाइतकाच त्याच्या पदवीचाही विचार करावा. लान्सडाउनचे मार्क्विस म्हणून ओळखले जाणारे घराणे कागदांत पेटी-फिट्झमॉरिस या आडनावाखाली असू शकते. भौगोलिकदृष्ट्या भलत्याच ठिकाणीही कागद सापडतात: स्लायगोच्या लिसाडेल इस्टेटीचे, म्हणजे गोर-बूथ घराण्याचे दफ्तर बेलफास्टला प्रोनीमध्ये आहे.

कर्जात बुडालेल्या इस्टेटींसाठी आणखी एक वाट आहे. १८४९ मध्ये अशा इस्टेटी विकण्यासाठी खास न्यायालय स्थापन झाले. विक्रीपूर्वी गिऱ्हाइकांसाठी छापलेल्या पुस्तिकांत टाउनलँडवार कुळांची नावे, खंड, पट्ट्याची मुदत आणि अनेकदा नकाशेही असत. मूळ दफ्तर हरवले असले तरी अशी पुस्तिका शिल्लक राहिलेली असू शकते, म्हणून हा शोध वगळू नये.

चौथी पायरी : खंडाची वही वाचणे

खंडाची वही सहसा टाउनलँडनुसार लावलेली असते आणि प्रत्येक कुळापुढे मागील थकबाकी, चालू खंड, मिळालेली रक्कम आणि शिल्लक असे रकाने असतात. खंड वर्षातून दोनदा देय होई आणि त्या हप्त्याला गेल म्हणत. अनेक इस्टेटींवर एक हप्ता कायम मागे ठेवण्याची रीत होती, म्हणजे मे महिन्याचा खंड नोव्हेंबरमध्ये घेतला जाई. त्यामुळे जवळपास प्रत्येक कुळापुढे सहा महिन्यांची थकबाकी दिसली तर ती संकटाची खूण नसते. इस्टेटीची नेहमीची पद्धत असते. खरे संकट ओळखायचे असेल तर एकाच कुळाच्या सलग अनेक हप्त्यांच्या नोंदी काढून थकबाकी केव्हा वाढू लागली ते पाहावे लागते. एकच वर्ष पाहून काढलेला निष्कर्ष मी तरी विश्वासार्ह मानणार नाही.

मापे आणि चलन यांत फसगत होते. जुन्या नकाशांवर आणि पट्ट्यांत आयरिश एकर वापरलेला असतो आणि तो इंग्रजी एकराच्या सुमारे १.६२ पट मोठा आहे; उत्तरेकडील अल्स्टर प्रांताच्या काही भागांत कनिंगहॅम एकर हे तिसरेच माप आढळते. म्हणून खंडाच्या वहीतील क्षेत्र ग्रिफिथ मूल्यांकनाशी जुळले नाही, तर जमीन गेली असा तर्क करण्यापूर्वी माप तपासावे. तसेच १८२६ पूर्वीच्या रकमा आयरिश चलनात असू शकतात आणि त्यात तेरा आयरिश पेन्स म्हणजे बारा ब्रिटिश पेन्स असा दर होता.

या वहीत कोण नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. जमीनदाराला थेट खंड देणाराच तिच्यात येतो. त्याच्याकडून बटाट्यापुरता तुकडा घेणारा मजूर, झोपडीत राहणारा पोटकूळ, मधल्या माणसाची कुळे, ही सर्व माणसे वहीबाहेर राहतात. आणि दुष्काळात सर्वांत आधी हीच माणसे मेली. त्यांच्यासाठी खंडाची वही बाजूला ठेवून कारभाऱ्याचा पत्रव्यवहार, कुळांचे अर्ज, मजुरीच्या वह्या, घर सोडण्याच्या नोटिसांच्या याद्या आणि स्थलांतरितांच्या याद्या वाचाव्या लागतात. विक्लोमधील कूलॅटिन येथील फिट्झविल्यम इस्टेटीच्या स्थलांतर-वह्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहेत. जमीनदाराच्या खर्चाने कॅनडाला पाठवलेली कुटुंबे त्यात माणसामाणसांच्या नोंदींसह येतात. घर सोडण्याची नोटीस आणि प्रत्यक्ष बेदखली यांत मात्र भेद करावा, कारण अनेकदा केवळ खंड वसूल करण्यासाठी धाक म्हणून नोटिसा बजावल्या जात.

पाचवी पायरी : युनियनची दफ्तरे

मंडळे बरखास्त झाल्यावर त्यांच्या वह्या काउंटीची ग्रंथालये आणि काउंटी अभिलेखागारे यांच्याकडे गेल्या. केनमेर युनियनचे कागद केरीच्या काउंटी ग्रंथालयात, तर स्किबरीनचे कॉर्कच्या शहर व काउंटी अभिलेखागारात पाहता येतात. उत्तर आयर्लंडमध्ये ही मंडळे १९४८ पर्यंत चालली आणि त्यांची दफ्तरे प्रोनीमध्ये बीजी या संकेताखाली आहेत. काय शिल्लक राहिले आणि काय नाही, हे युनियनगणिक फार बदलते. १९२० नंतरच्या धामधुमीत अनेक वर्कहाउस जाळली गेली आणि त्यांबरोबर वह्याही गेल्या. म्हणून कोठेही जाण्यापूर्वी त्या युनियनची कोणत्या प्रकारची आणि कोणत्या वर्षांची वही उपलब्ध आहे, हे पत्राने विचारून घ्यावे.

सर्वांत जास्त टिकलेला प्रकार म्हणजे मंडळाच्या साप्ताहिक बैठकीच्या इतिवृत्त वह्या. त्यांत त्या आठवड्यात किती दाखल झाले, किती बाहेर पडले, किती मेले, याचे छापील तक्ते भरलेले असतात. पुढे धान्य आणि दुधाचे ठेके, अधिकाऱ्यांविरुद्धच्या तक्रारी, ताप आलेल्यांसाठी जागेची मागणी आणि डब्लिनहून आलेली पत्रे असतात. सामान्य रहिवाशांची नावे त्यांत क्वचितच येतात. ती येतात ती परदेशी पाठवायच्या मुलींच्या, शिकाऊ म्हणून ठेवलेल्या मुलांच्या किंवा शिक्षा झालेल्यांच्या संदर्भात. १८४८ ते १८५० या काळात अर्ल ग्रे योजनेखाली चार हजारांहून अधिक अनाथ मुली आयर्लंडच्या वर्कहाउसमधून ऑस्ट्रेलियाला पाठवल्या गेल्या. त्यांच्या निवडीचा माग अशाच वह्यांतून लागतो.

नावांसाठी दाखल-नोंदवही हवी. तिच्यात नाव, वय, विवाहित की विधवा, अनाथ की टाकलेले मूल, व्यवसाय, धर्म, व्यंग किंवा आजार, जोडीदाराचे नाव, मुलांची संख्या, दाखल होतानाची शारीरिक अवस्था, राहण्याचे टाउनलँड आणि इलेक्टोरल डिव्हिजन, आणि शेवटी बाहेर पडल्याची किंवा मृत्यूची तारीख असते. कुटुंब दारातूनच वेगळे केले जाई: पुरुष, स्त्रिया आणि मुले वेगवेगळ्या विभागांत राहत. नोंदवहीत मात्र ती बहुधा एकाखाली एक अशा क्रमाने येतात, म्हणून एक नाव सापडले की वरखालच्या दहा-बारा ओळी अवश्य उतरवाव्यात. इलेक्टोरल डिव्हिजनच्या जागी संपूर्ण युनियन असे लिहिलेले असेल, तर त्या माणसाचा पक्का रहिवास ठरवता आला नव्हता आणि त्याचा खर्च सर्वांवर वाटला गेला होता. बेदखल होऊन भटकणाऱ्या माणसांपुढे हा शेरा वारंवार दिसतो.

तीच व्यक्ती वर्षात अनेकदा आत-बाहेर करू शकते आणि प्रत्येक वेळी तिचे वय वेगळे लिहिलेले असू शकते. वयावर विसंबू नये. टाउनलँड, जोडीदार आणि मुलांची नावे जुळतात का हे पाहावे. अलीकडच्या नोंदवह्यांवर गोपनीयतेची बंधने असतात आणि ही मर्यादा सहसा शंभर वर्षांची असते.

सहावी पायरी : दोन्ही दफ्तरे एकत्र लावणे

माझ्या मते सर्वांत फलदायी काम येथे सुरू होते, आणि बहुतेक जण येथवर पोहोचतच नाहीत. एका मोठ्या कागदावर उभे रकाने आखावेत: तारीख, इस्टेटीतील नोंद, युनियनमधील नोंद. प्रत्येक टाउनलँडसाठी वेगळा कागद घ्यावा आणि मिळालेली प्रत्येक नोंद, ती आपल्या माणसाची नसली तरी, तारखेनुसार भरत जावी.

स्ट्रोक्सटाउनचे उदाहरण घेऊ. मेजर डेनिस माहोन यांच्या इस्टेटीचे दफ्तर राष्ट्रीय ग्रंथालयात पेकनम-माहोन कागदपत्रे म्हणून आहे आणि त्याचा मोठा भाग स्ट्रोक्सटाउनच्या वाड्यातच सापडला. तेथे १९९४ पासून राष्ट्रीय दुष्काळ संग्रहालय आहे. इस्टेटीच्या कारभाऱ्याने हिशेब मांडून दाखवला की, कुळांना वर्षभर वर्कहाउसमध्ये पोसण्यापेक्षा त्यांचे जहाजाचे भाडे भरणे स्वस्त पडेल. १८४७ च्या मे महिन्यात १,४९० माणसे पायी डब्लिनला नेऊन लिव्हरपूलमार्गे क्वेबेककडे रवाना करण्यात आली आणि त्यांतील फार मोठी संख्या वाटेत किंवा पोहोचताच मेली. त्याच वर्षी २ नोव्हेंबरला माहोन यांची गोळी घालून हत्या झाली, तेव्हा ते रॉसकॉमनच्या गार्डियन मंडळाच्या बैठकीहून परतत होते. जमीनदार आणि गार्डियन ही एकच व्यक्ती होती. म्हणून कारभाऱ्याचा हिशेब इस्टेटीच्या पत्रांत असला तरी तो ज्या कराच्या बोज्यावर बेतलेला आहे, तो बोजा रॉसकॉमन युनियनच्या वह्यांतच समजतो.

केनमेरला हाच तर्क थोड्या वेगळ्या मार्गाने चालला. लान्सडाउन इस्टेटीचा कारभारी विल्यम स्ट्युअर्ट ट्रेंच याने इस्टेटीवर ज्यांचा भार पडत होता अशा वर्कहाउसमधील माणसांना अमेरिकेचे भाडे देऊ केले आणि हजारो लोक गेले. त्यांतील पुष्कळ जण न्यूयॉर्कच्या फाइव्ह पॉइंट्स वस्तीत स्थिरावले. तेथील एमिग्रंट सेव्हिंग्ज बँकेच्या खात्यांत खातेदाराचे मूळ गाव आणि कुटुंबाची माहिती लिहून घेतली जात असल्यामुळे, केनमेरच्या वर्कहाउसमधून दिसेनासे झालेले नाव समुद्रापलीकडे पुन्हा हाती लागू शकते. ज्यांचे पूर्वज शोधायचे आहेत ते अमेरिकेत गेले असतील, तर हा साठा आवर्जून पाहावा.

दोन दफ्तरांना जोडणारा आणखी एक कागद १८४८ नंतर निर्माण होऊ लागला. त्या वर्षीच्या कायद्याने घरातून बाहेर काढण्यापूर्वी युनियनच्या मदत-अधिकाऱ्याला सूचना देणे जमीनदारावर बंधनकारक झाले. इस्टेटीचे दफ्तर हरवले असेल, तेव्हा अशा सूचना किंवा त्यांचे इतिवृत्तातील उल्लेख हाच बेदखलीचा उरलेला पुरावा असू शकतो. क्लेअरमधील किलरश युनियनचे निरीक्षक कॅप्टन आर्थर केनेडी यांनी पाठवलेले बेदखलीचे तपशील तर ब्रिटिश संसदेच्या छापील कागदपत्रांतच आले आहेत.

दफ्तरखान्यात प्रत्यक्ष काम करताना

वाचकपत्र आधी काढून ठेवावे आणि हवे असलेले कागद शक्यतो आगाऊ मागवावेत, कारण अनेक संग्रह मुख्य इमारतीबाहेर साठवलेले असतात. फक्त पेन्सिल वापरावी. छायाचित्रे घेण्याची परवानगी त्या त्या ठिकाणी विचारावी आणि परवानगी मिळाल्यास प्रत्येक वहीचे मुखपृष्ठ आणि संदर्भ क्रमांक आधी टिपावा. संदर्भ क्रमांकाशिवायचे छायाचित्र काही महिन्यांनी निरुपयोगी ठरते. खंडाच्या वहीचे एक पान न घेता संपूर्ण टाउनलँडची पाने घ्यावीत, आणि युनियनच्या इतिवृत्तांत आपल्या तारखेच्या मागचे व पुढचे किमान चार आठवडे वाचावेत. हाती लागलेली प्रत्येक नोंद मूळ स्पेलिंगमध्येच उतरवावी आणि आपला अंदाज वेगळ्या रंगात शेजारी लिहावा, म्हणजे पुढे दुसरी वही समोर आली की मूळ नोंद आणि आपला तर्क यांची सरमिसळ होणार नाही.